रेशो म्हणजे काय? गुणोत्तर, प्रमाण आणि फोनमधल्या १६:९ चा खरा अर्थ

फोनचा कॅमेरा उघडला की ३:४, ९:१६, १:१ असे आकडे दिसतात. यूट्यूबला व्हिडिओ टाकायचा तर १६:९ हवा, रील टाकायची तर ९:१६. नवीन फोनची माहिती वाचायला घेतली तर '२०:९ डिस्प्ले'. आणि भरतीचा ऑनलाईन फॉर्म भरायला बसलात तर फोटो ३.५ बाय ४.५ चाच पाहिजे. या सगळ्या ठिकाणी एकच शब्द काम करत असतो, तो म्हणजे रेशो. मराठीत त्याला गुणोत्तर म्हणतात.

शाळेत आपण सगळेच 'गुणोत्तर व प्रमाण' हा धडा शिकलेलो असतो. पण तो धडा आणि हातातला फोन यांचा संबंध आहे हे कुणी सांगत नाही. मग फोटो ताणला जातो, फॉर्म परत येतो, प्रिंट काढल्यावर कडेला उभा असलेला माणूस अर्धा कापला जातो. या लेखात आपण रेशो या शब्दाचा अर्थ, तो कुठून आला, आणि फोन वापरताना तो कसा उपयोगी पडतो हे पाहू. उदाहरणं आपल्या कर्जत लाईनवरची घेऊ: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर.

रेशो म्हणजे काय? सोप्या भाषेत

दोन संख्यांची तुलना दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे वजाबाकी: 'हे त्याच्यापेक्षा कितीने जास्त?' दुसरी म्हणजे भागाकार: 'हे त्याच्या किती पट?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे रेशो.

चहाला १ कप दूध आणि २ कप पाणी घेतलं तर दूध आणि पाणी यांचं गुणोत्तर १:२. पाहुणे आले म्हणून ४ कप दूध आणि ८ कप पाणी घेतलं तरी ते १:२ च राहतं. चहा जास्त झाला, पण चव तीच राहिली. रेशोचं सगळं सार यात आहे. वस्तू किती मोठी आहे ते रेशो सांगत नाही. तिच्या दोन भागांमधलं नातं काय आहे ते सांगतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, क्रम महत्त्वाचा असतो. १६:९ म्हणजे आडवा व्हिडिओ, ९:१६ म्हणजे उभी रील. आकडे तेच, अर्थ उलटा. फोटो-व्हिडिओच्या जगात सहसा आधी रुंदी आणि मग उंची लिहितात. फोनच्या माहितीत मात्र '२०:९' असं लांब बाजू आधी धरून लिहायची पद्धत आहे, म्हणजे फोन आडवा धरला आहे असं समजायचं. दुसरी गोष्ट, दोन्ही संख्यांचं एकक सारखं हवं. सेंटीमीटरला सेंटीमीटरने भागलं की एकक गळून जातं आणि नुसता आकडा उरतो. एककं वेगळी असतील तर त्याला 'दर' म्हणतात. रुपये भागिले जीबी म्हणजे डेटाचा दर, तो रेशो नाही.

रेशो हा शब्द आला कुठून?

इंग्रजीतला रेशो हा मूळचा लॅटिन शब्द. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हिशोब, गणना, तर्क असा होतो. गंमत म्हणजे आपल्या घरातल्या रेशनकार्डातला 'रेशन' हा शब्दही याच मुळापासून आलाय. रेशन म्हणजे हिशोबाने ठरवून दिलेला वाटा. कारण किंवा तर्क या अर्थाचा इंग्रजी 'रीझन' सुद्धा त्याच घरातला. आणि गणितात ज्या संख्या दोन पूर्णांकांच्या रेशोने लिहिता येतात त्यांना 'रॅशनल' संख्या म्हणतात, ज्यांना आपण मराठीत परिमेय संख्या म्हणतो.

आता मराठी शब्द बघू. गुणोत्तर म्हणजे गुण अधिक उत्तर. इथे 'गुण' म्हणजे मार्क नाहीत आणि चांगला स्वभावही नाही. संस्कृतमध्ये गुण या शब्दाचा एक अर्थ दोरीचा पदर असा आहे, आणि त्यावरूनच पुढे 'पट' हा अर्थ आला. द्विगुण म्हणजे दुप्पट, त्रिगुण म्हणजे तिप्पट. गुणाकारातला गुण तोच. 'उत्तर' म्हणजे इथे प्रश्नाचं उत्तर नव्हे, तर पुढचं, नंतरचं. जुन्या गणितात २, ४, ८, १६ अशी प्रत्येक पुढची संख्या ठरावीक पटीने वाढत जाणारी मालिका असेल तर तिच्यासाठी हा शब्द येई. तिथून 'किती पट' हा अर्थ मराठी शाळेतल्या गुणोत्तरात टिकून राहिला.

'प्रमाण' हा शब्द मात्र जास्त फिरलेला आहे. त्यातला 'मा' हा धातू मोजणे या अर्थाचा. प्रमाण म्हणजे मोजण्याचं माप. त्यावरून प्रमाणवेळ, प्रमाणभाषा, प्रमाणपत्र हे शब्द झाले. तर्कशास्त्रात प्रमाण म्हणजे पुरावा. घरात 'मीठ प्रमाणात टाक' म्हणतो तेव्हा प्रमाण म्हणजे योग्य माप. आणि 'सांगितल्याप्रमाणे कर' म्हणतो तेव्हाही आपण तोच शब्द वापरत असतो: सांगितलेलं हे माप, त्याला जुळेल असं कर.

गुणोत्तर आणि प्रमाण यात फरक काय?

रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना 'प्रमाण'च म्हणतो, आणि बोलताना त्यात काही बिघडत नाही. गणितात मात्र फरक आहे.

गुणोत्तर म्हणजे दोन संख्यांमधलं नातं. जसं ४:३.
प्रमाण म्हणजे दोन गुणोत्तरं सारखी असणं. जसं ४:३ = ८:६. इथे ४, ३, ८ आणि ६ या चार संख्या प्रमाणात आहेत असं म्हणतात.

हिंदी माध्यमातल्या मित्राबरोबर अभ्यास करताना इथे गोंधळ होतो. उल्हासनगरसारख्या शहरात तर तो होणारच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे वसलेलं आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेलं हे शहर. आजही पत्ता सांगताना तिथे 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच म्हणतात, आणि एकाच गल्लीत मराठी, हिंदी, सिंधी तिन्ही ऐकू येतात. तर हिंदीत रेशोला 'अनुपात' म्हणतात आणि प्रमाणाला 'समानुपात'. त्यामुळे हिंदी व्हिडिओवरून गणित शिकत असाल तर अनुपात म्हणजे आपलं गुणोत्तर, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

दीड हजार वर्षं जुनी युक्ती

तीन संख्या माहीत असतील तर चौथी कशी काढायची, याला आपल्याकडे त्रैराशिक म्हणतात. आर्यभटाने ते इ.स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात दिलं आहे. पुढे ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत ते भरपूर उदाहरणांसह शिकवलं. भास्कराचार्यांचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

त्रैराशिकात तीन नावं येतात: प्रमाण, फल आणि इच्छा. माहीत असलेलं माप म्हणजे प्रमाण, त्याला मिळणारं ते फल, आणि आपल्याला ज्यासाठी उत्तर हवंय ती इच्छा. सूत्र एका ओळीचं:

उत्तर = फल × इच्छा ÷ प्रमाण

आता हे फॉर्मच्या फोटोला लावून बघा. फोटो ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच हवा आहे. तुमच्या फोटोची उंची ५४० पिक्सेल ठेवायची आहे. मग रुंदी किती? प्रमाण ४५, फल ३५, इच्छा ५४०. म्हणून ३५ × ५४० ÷ ४५ = ४२० पिक्सेल. झालं! रिसाईजच्या अ‍ॅपमध्ये ४२० आणि ५४० टाका, पण त्याआधी फोटो कापून घ्या. का, ते पुढे येईलच.

तीन शहरं, तीन रेशो

रेशो आणि वजाबाकी यातला फरक नीट कळायला आपल्याच तीन शहरांची लोकसंख्या घेऊ. २००१ आणि २०११ च्या जनगणनेतले आकडे ढोबळमानाने असे आहेत:

उल्हासनगर: सुमारे ४ लाख ७३ हजारांवरून सुमारे ५ लाख ६ हजार
अंबरनाथ: सुमारे २ लाख ४ हजारांवरून सुमारे २ लाख ५३ हजार
बदलापूर: सुमारे ९८ हजारांवरून सुमारे १ लाख ७४ हजार

वजाबाकी केली तर दहा वर्षांत उल्हासनगर ३३ हजारांनी, अंबरनाथ ४९ हजारांनी आणि बदलापूर ७६ हजारांनी वाढलं. पण ही वाढ त्या-त्या शहराला किती जाणवली असेल, ते भागाकार सांगतो. उल्हासनगरचं नवं-जुनं गुणोत्तर जवळजवळ १५:१४ आहे. अंबरनाथचं जवळजवळ ५:४. आणि बदलापूरचं? १७४ भागिले ९८ म्हणजे १.७८ च्या आसपास, म्हणजे चक्क १६:९!

यूट्यूबचा आडवा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. त्याची उंची म्हणजे २००१ मधलं बदलापूर आणि रुंदी म्हणजे २०११ मधलं. त्याच स्टेशनवर, त्याच जिन्यावर आणि त्याच नळाला दहा वर्षांत इतके जास्त लोक आले. तीनपैकी सर्वांत लहान शहराचा रेशो सर्वांत मोठा निघाला. 'अमुक हजार लोक वाढले' एवढी बातमी वाचून आपल्याला चित्र कळत नाही. आधी किती होते हे विचारलं की मग कळतं. 'फॉलोअर्स १००० ने वाढले' अशी पोस्ट दिसली तरी हाच प्रश्न विचारा.

मॅपवरचा रेशो

नकाशाची स्केल हाही रेशोच. १:५०,००० म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० हजार सेंटीमीटर, अर्थात अर्धा किलोमीटर. अंबरनाथ ते बदलापूर रेल्वेने अंतर सुमारे ८ किलोमीटर आहे. या स्केलच्या नकाशावर ते १६ सेंटीमीटर भरेल, म्हणजे साधारण तुमच्या फोनच्या लांबीएवढं. फोनवरचा मॅप दोन बोटांनी झूम करता तेव्हा रस्ते लांब होतात, रुंदही होतात, पण वाकडे होत नाहीत. कारण स्केल बदलते, नकाशाच्या आतलं प्रमाण बदलत नाही.

अ‍ॅस्पेक्ट रेशो: ४:३ पासून १६:९ पर्यंत

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. आज फोनमध्ये दिसणारे आकडे कुणीतरी कधीतरी ठरवलेले आहेत.

१८९० च्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विल्यम डिक्सनने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जी चौकट ठरवली, ती साधारण ४:३ ची होती. पुढे जगभरच्या मूकपटांनी तीच धरली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच काळातला. नंतर टीव्ही आला तेव्हा त्यानेही ४:३ घेतला. आजी-आजोबांच्या घरातला तो जुना जाड टीव्ही जवळजवळ चौकोनी दिसायचा तो यामुळेच.

१९५० च्या दशकात घरोघरी टीव्ही पोचायला लागल्यावर सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला. सिनेमास्कोप आलं, साधारण २.३५:१ चं. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९ चा 'कागज के फूल'.

१९८० च्या दशकात नवीन टीव्हीसाठी आकार ठरवायची वेळ आली. एका बाजूला ४:३ म्हणजे १.३३, दुसऱ्या बाजूला २.३५. अमेरिकेतल्या कर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने सगळ्या प्रचलित आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवले आणि सगळ्यांना सामावेल अशी चौकट शोधली. ती १६:९ निघाली. १.३३ गुणिले २.३५ चं वर्गमूळ काढून बघा, १.७७ येतं. म्हणजे १६:९ हा जुन्या टीव्ही आणि रुंद सिनेमामधला मधला रस्ता आहे. त्याचं सौंदर्याशी किंवा डोळ्यांच्या रचनेशी काही गूढ नातं नाही.

स्क्रीन किती इंचांची? त्याआधी रेशो विचारा

फोन घेताना आपण विचारतो, स्क्रीन किती इंच? इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं. रेशो बदलला की तेवढ्याच इंचांत स्क्रीनचं क्षेत्रफळ बदलतं.

साडेसहा इंचांचे दोन फोन घ्या. एकाची स्क्रीन १६:९, दुसऱ्याची २०:९. पायथागोरसच्या प्रमेयाने हिशोब केला तर पहिल्याचं क्षेत्रफळ साधारण १८ चौरस इंच येतं आणि दुसऱ्याचं १५.८ चौरस इंच. म्हणजे इंच सारखेच, पण उंच-सडपातळ फोनची स्क्रीन सुमारे १२ टक्के लहान! २०१७ च्या आसपास फोन १६:९ सोडून १८:९ कडे आणि मग २०:९ कडे गेले. त्यामुळे फोन एका हातात धरायला सोपे झाले हे खरं. पण जुन्या फोनपेक्षा नवा 'अर्धा इंच मोठा' आहे असं दुकानदार म्हणाला, तर स्क्रीन तेवढी वाढेलच असं समजू नका.

याच कारणाने यूट्यूब बघताना कडेला काळ्या पट्ट्या येतात. समजा तुमची स्क्रीन आडवी धरल्यावर २४०० × १०८० पिक्सेलची आहे, म्हणजे २०:९. १६:९ चा व्हिडिओ पूर्ण उंची घेतो तेव्हा त्याची रुंदी १९२० होते. उरले ४८० पिक्सेल, म्हणून दोन्ही बाजूंना २४०-२४० ची काळी पट्टी. दोन बोटांनी ताणून स्क्रीन भरली की पट्ट्या जातात, पण व्हिडिओचा वरचा आणि खालचा मिळून एकपंचमांश भाग स्क्रीनबाहेर जातो. क्रिकेटच्या व्हिडिओत खालचा स्कोअर गायब होतो तो असा.

ताणायचं, कापायचं की जागा सोडायची?

एका रेशोचं चित्र दुसऱ्या रेशोच्या चौकटीत बसवायचे तीनच मार्ग आहेत.

१. ताणणं: चित्र चौकटीएवढं ओढायचं. आतलं प्रमाण बिघडतं.
२. कापणं: जास्तीचा भाग काढून टाकायचा. प्रमाण टिकतं, काही भाग जातो.
३. जागा सोडणं: चित्र पूर्ण ठेवायचं, कडेला रिकामी पट्टी येऊ द्यायची. प्रमाणही टिकतं, चित्रही टिकतं.

फॉर्मसाठी ताणल्याने काय होतं बघा. अनेक सरकारी भरती परीक्षांच्या फॉर्ममध्ये फोटो ३.५ सेंटीमीटर रुंद आणि ४.५ सेंटीमीटर उंच मागतात. हे गुणोत्तर ७:९. तुम्ही ९:१६ मध्ये काढलेला सेल्फी उचलला आणि अ‍ॅपमध्ये थेट ३.५ आणि ४.५ टाकून दिलं, तर तुमचा चेहरा उंचीच्या मानाने सुमारे ३८ टक्के जास्त रुंद दिसेल. अपलोड होऊन जाईल, कारण वेबसाईट बऱ्याचदा फक्त माप आणि केबी तपासते. पण नंतर तपासणीला बसलेला माणूस चेहरा बघतो. ओळखपत्राशी चेहरा जुळला नाही तर अर्ज अडतो, आणि तोवर फॉर्मची तारीख उलटून गेलेली असते. वर्षभराची तयारी एका ताणलेल्या फोटोपायी अडकायला नको.

म्हणून ही पद्धत ठेवा:

फोटो कॅमेऱ्याच्या ३:४ मोडमध्ये, थोडा लांबून काढा. डोक्याच्या वर आणि खांद्यांच्या बाजूला जागा राहू द्या.
गॅलरीतल्या क्रॉपमध्ये ७:९ चा पर्याय नसेल तर अ‍ॅपमध्ये 'कस्टम' रेशो ७ आणि ९ टाका. ३:४ पासून ७:९ करताना उंचीतले जेमतेम साडेतीन टक्के कापले जातात.
कापून झाल्यावरच रिसाईज करा. रिसाईज करताना साखळीचं किंवा कुलपाचं चिन्ह असतं, ते चालू ठेवा. ते रेशो बांधून ठेवतं.
शेवटी केबी कमी करा.
सहीच्या फोटोलाही हाच क्रम. त्याचं गुणोत्तर वेगळं असतं, सूचना वाचून घ्या.

कॅमेऱ्याचा कुठला रेशो ठेवावा?

बहुतेक फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४:३ चा असतो. त्यामुळे ४:३ मोडमध्ये (उभ्या फोटोत ३:४) सेन्सरवर पडलेलं सगळं चित्र मिळतं. १६:९ निवडलं तर फोन त्याच चित्राचा एक भाग कापून देतो. १६:१२ मधलं १६:९ उरतं, म्हणजे पाऊण भाग. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतले ९ उरले. १:१ चौकोनी फोटोतही पाऊणच भाग उरतो. नंतर कापता येतं, पण कापलेलं परत आणता येत नाही. म्हणून फोटो ४:३ मध्ये काढून ठेवा, आणि स्टेटसला टाकताना हवा तसा कापा.

प्रिंट काढतानाही हे आठवा. ४ बाय ६ इंचांचा कागद ३:२ चा असतो. ४:३ चा फोटो त्यावर भरून छापला तर सुमारे ११ टक्के भाग जातो. अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर सगळ्या घराने फोटो काढला आणि चौकटीच्या अगदी वरच्या कडेला मंदिर आणि खालच्या कडेला पाय आले, तर प्रिंटमध्ये दोन्हींपैकी काहीतरी कापलं जाणार. काढतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडा.

त्या मंदिराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. शिलाहारांच्या काळातल्या या मंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. त्या काळातल्या मूर्तिकारांच्या शास्त्रात मापं फुटात नसत. मूर्तीच्या चेहऱ्याची लांबी म्हणजे एक 'ताल' धरायचा आणि पूर्ण शरीर नऊ ताल, दहा ताल असं मोजायचं. त्यामुळे मूर्ती वीतभर असो की पुरुषभर, ती बेढब होत नसे. आज आपण रेशो लॉक करून फोटो लहान-मोठा करतो ते हेच.

तिरंग्याचा रेशो

१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला स्टेटसवर तिरंगा टाकताना हा मुद्दा विसरू नका. भारतीय ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचं गुणोत्तर ३:२ असतं. संहितेत दिलेल्या मापांतला सर्वांत मोठा ध्वज ६३०० × ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटरचा. पहिला दुसऱ्याच्या ४२ पट लांब, पण दोन्हींचं गुणोत्तर तेच.

आता ९:१६ च्या उभ्या स्टेटसमध्ये आडवा ध्वज भरायला गेलात तर ताणल्याने अशोकचक्र लंबगोल होतं, आणि कापल्याने ध्वजच अर्धवट राहतो. इथे तिसरा मार्ग वापरायचा: ध्वज ३:२ मध्ये पूर्ण ठेवा आणि वर-खाली मोकळी जागा सोडा. बॅनर डिझाईन करणाऱ्या मित्रांनी तर हे पाठच करून ठेवावं.

'रेशो झाला' म्हणजे काय?

सोशल मीडियावर, विशेषतः एक्सवर, 'याला रेशो केलं' असं लिहिलेलं दिसतं. ट्विटर असताना, २०१७ च्या आसपास ही बोली पसरली. एखाद्या पोस्टला लाईकपेक्षा रिप्लाय खूप जास्त आले, तर लोकांना ती पटलेली नाही असा अर्थ काढतात. आवडलं तर माणूस लाईक करून पुढे जातो, राग आला तर लिहायला बसतो. काही जण दुसऱ्याच्या पोस्टखाली नुसतं 'रेशो' लिहितात. त्यांचा अर्थ असा की माझ्या या रिप्लायला तुझ्या पोस्टपेक्षा जास्त लाईक मिळतील. इथेही मूळ अर्थ शाबूत आहे: दोन संख्यांची तुलना. फक्त लोक किती चिडलेत ते त्यातून कळतं, कोण खरं बोलतंय ते कळत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

१६:९ आणि १९२० × १०८० एकच का?
नाही. १६:९ हा रेशो आहे, १९२० × १०८० हे रिझोल्यूशन. १२८० × ७२० आणि ३८४० × २१६० हेही १६:९ च आहेत. रेशोवरून व्हिडिओ किती स्पष्ट दिसेल ते कळत नाही.

माझ्या फोटोचा रेशो कसा काढायचा?
गॅलरीत फोटोची माहिती उघडा. रुंदी आणि उंचीचे पिक्सेल दिसतील. दोन्हींना त्यांच्या मसाविने भागा. ४००० आणि ३००० चा मसावि १०००, म्हणून ४:३. १०८० आणि २४०० चा मसावि १२०, म्हणून ९:२०. शाळेतला मसावि वाया गेलेला नाही!

झेरॉक्सवाला ए-३ चा ए-४ करतो तेव्हा काहीच का कापलं जात नाही?
कारण या सगळ्या कागदांचा रेशो एकच आहे, १:१.४१४. ए-३ मधोमध दुमडला की ए-४ होतो आणि आकार तसाच राहतो. म्हणून मशीनवर ७० किंवा ७१ टक्के निवडलं की पान नेमकं बसतं.

टक्केवारी म्हणजे रेशोच का?
हो. ज्या रेशोत दुसरी संख्या १०० धरलेली असते, तो म्हणजे टक्केवारी. फोनच्या जाहिरातीत 'स्क्रीन-टू-बॉडी रेशो ८५ टक्के' असं लिहितात, म्हणजे फोनच्या पुढच्या १०० भागांपैकी ८५ भाग स्क्रीन आणि बाकी कडा.

तर मित्रांनो, यापुढे कुठल्याही अ‍ॅपने रेशो विचारला की आधी चौकट बघा, मग चित्र बघा, आणि तीनपैकी कुठला मार्ग घ्यायचा ते ठरवा. माणसाचा फोटो असेल तर कापा, ध्वज किंवा कागदपत्र असेल तर जागा सोडा. ताणायचं मात्र काहीच नाही. तुमच्या ओळखीत कुणी भरतीचा फॉर्म भरणार असेल, तर फोटो अपलोड करण्याआधी त्याला हा लेख नक्की पाठवा.